‘तुम्ही सांगाल ते’: जुन्या लॅपटॉपची किंमत ठरवताना

“तुम्ही सांगाल ते देतो, ताई,” असं म्हणून माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांनी फोन ठेवला आणि माझी पंचाईत झाली.

त्यांच्या मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप हवा होता. माझा जुना लॅपटॉप कपाटात पडून आहे हे त्यांना ठाऊक होतं. घासाघीस करणारं गिऱ्हाईक असतं तर सोपं होतं. मी जास्त सांगितलं असतं, त्याने कमी मागितलं असतं, मध्ये कुठेतरी जमलं असतं आणि आपणच जिंकलो असं समजून दोघंही खूश झालो असतो. इथे समोरच्याने पट उधळून सगळ्या सोंगट्या माझ्याच हातात दिल्या होत्या. जास्त सांगितलं तर विश्वासाचा गैरफायदा. फार कमी सांगितलं तर ते अवघडणार, आणि मलाही मनातल्या मनात ते लागून राहणार. खोटं कशाला बोलू, लागून राहणारच.

मी हिशोबाची कामं करते. लोकांच्या मालमत्तेवर घसारा लावण्यात, म्हणजे वस्तूची किंमत हिशोबात दरसाल थोडी थोडी कमी करत नेण्यात, माझी वीस वर्षं गेली. म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे. पुढे त्यात दोन आठवडे गेले.

पैशांचे आकडे इथे देत नाही. ते जागेप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बदलतात, दुसऱ्याच्या कामाचे नसतात. नवा घेताना मी मोजलेली रक्कम 100 धरते. पुढचे सगळे आकडे त्याच मापातले आहेत.

लॅपटॉप डिसेंबर 2018 मधला. इंटेलचा कोअर आय-फाइव्ह 8250यू प्रोसेसर, 8 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी म्हणजे फाइली साठवायची डिस्क, 14 इंची पडदा. दोन वर्षांनी त्यात आणखी 8 जीबी रॅम टाकून घेतली होती. झाकणाच्या एका कोपऱ्याला पोचा आहे, तो माझ्याच हातून पडलेला. बाकी यंत्र ठणठणीत, असं तेव्हा माझं मत होतं.

फोन ठेवल्या ठेवल्या माझ्या डोक्यात आलेला आकडा होता 40. तो कुठून आला? बिलातून. बिलावरची रक्कम मला तोंडपाठ होती, तिच्या निम्म्याहून थोडं कमी म्हणजे उदारपणा, असा तो हिशोब. त्यात आणखी एक गोष्ट मिसळली होती, ती म्हणजे मी तो किती जपून वापरला. कव्हरशिवाय कधी बाहेर नेला नाही, की-बोर्डवर कधी काही सांडू दिलं नाही. आता हे खरं असलं तरी त्या मुलीला त्याचं काय? माझ्या जपण्याचे पैसे तिने का द्यावेत? पण हा प्रश्न त्या दिवशी सुचला नाही. त्या दिवशी मी वही उघडून घसारा काढायला बसले.

सरळ रेषेतला, म्हणजे दरसाल सारखीच रक्कम कमी करणारा घसारा लावला, आयुष्य पाच वर्षं धरलं, तर लॅपटॉप दोन वर्षांपूर्वीच शून्यावर आला होता. म्हणजे फुकट द्यायचा. हे काही मनाला पटेना. मग घटत्या मूल्याची पद्धत लावली. दरसाल उरलेल्या किमतीतून 30 टक्के कमी केले, तर 70, 49, 34, 24, 17, 12 आणि सातव्या वर्षी 8. दर 20 टक्के धरला, तर सातव्या वर्षी 21. म्हणजे दर कोणता धरायचा हे मी ठरवणार आणि त्यावरून किंमत निघणार. हे तर पुन्हा ‘मी सांगेन ते’च झालं, फक्त दोन दशांश स्थळांपर्यंत. कामावर मी हे रोज करते आणि त्यात काही चूक नाही. खर्च वर्षावर्षांत वाटून घेण्यासाठी घसारा असतो. वस्तू बाजारात कितीला जाईल हे सांगणं त्याचं कामच नाही. तरी एक फायदा झाला. 40 हा आकडा कुठल्याच गणितात बसेना, तेव्हा तो मुकाट्याने खोडला.

मग जाहिराती पाहायला लागले. जुन्या वस्तूंच्या दोन-तीन साइट्सवर माझ्याच मॉडेलचे किंवा त्याच्या भावंडांचे 23 लॅपटॉप सापडले. किमती चढत्या क्रमाने लावल्या आणि मधला आकडा काढला. तो आला 26. सरासरी मुद्दाम काढली नाही. एका महाशयांनी 70 मागितले होते, ते एकटेच सरासरी वर ओढत होते. 26 पाहून मला बरं वाटलं. तिथेच थांबले असते तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

पण तिसऱ्या दिवशी तीच यादी पुन्हा उघडली आणि लक्षात आलं की काही जाहिराती गेल्या होत्या, आणि गेलेल्या बहुतेक यादीच्या खालच्या टोकाच्या होत्या. 70 वाले महाशय जागच्या जागी. अर्थात! योग्य भावाची वस्तू विकली जाते आणि दिसेनाशी होते. अवाच्या सवा मागणाऱ्याची जाहिरात महिनोन्‌महिने लटकलेली असते. आपण कधीही पाहायला गेलो तरी आपल्याला दिसतो तो मुख्यतः न खपलेला माल. त्यावरून भाव काढणं म्हणजे लग्नाला कोण आलं नाही ते मोजून जेवणावळीचा अंदाज बांधण्यासारखं आहे. ईबेसारख्या ठिकाणी विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या गाळून पाहता येतात, तिथे हे काम सोपं होतं. माझ्या साइट्सवर ती सोय नव्हती. म्हणून दहा दिवस रोज रात्री वहीत टिपण केलं, कोणती जाहिरात गेली, कोणी भाव उतरवला, कोण ढिम्म आहे. दहा दिवसांत नऊ गेल्या. त्या नऊंचा मधला आकडा 19. त्यांतही ही मागितलेली किंमत, हातात पडलेली आणखी थोडी कमीच असणार.

जाहिराती वाचता वाचता एक शिक्षण फुकटात झालं, ते थोडं विस्ताराने सांगते, कारण इथे भले भले फसतात. ‘आय-सेव्हन आहे’ असं ठळक लिहून माझ्यापेक्षा जास्त भाव मागणारे बरेच होते. त्यांतल्या एकाने, बहुधा भाबडेपणाने, पूर्ण नाव दिलं होतं, आय-सेव्हन 7500यू. यातला पहिला 7 म्हणजे सातवी पिढी. माझ्या 8250यूमधला 8 म्हणजे आठवी. इंटेलने 2017 मध्ये आठव्या पिढीचे हे ‘यू’ वर्गातले, म्हणजे कमी वीज खाणारे, प्रोसेसर आणले तेव्हा गाभ्यांची, म्हणजे प्रोसेसरमध्ये एकाच वेळी काम करणाऱ्या भागांची, संख्या दोनावरून चारावर नेली. म्हणजे तो मिरवणारा आय-सेव्हन दोन गाभ्यांचा आणि माझा साधा आय-फाइव्ह चार गाभ्यांचा. पुढचा ‘फाइव्ह’ किंवा ‘सेव्हन’ ही एकाच पिढीतल्या भावंडांमधली पायरी आहे. पिढी बदलली की तिच्यावरून तुलना करण्यात अर्थ राहत नाही. जाहिरातीत नुसतं ‘आय-सेव्हन’ लिहिलं असेल आणि पुढचे आकडे नसतील, तर मी आता ते मुद्दाम लपवलेत असंच समजते.

आठवी पिढी आणखी एका कारणाने महत्त्वाची निघाली. विंडोज 11 अधिकृतपणे चालायला इंटेलचा प्रोसेसर, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो, शिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. आणि विंडोज 10चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपवला. सुरक्षेच्या अपडेट्ससाठी घरगुती वापरकर्त्यांना वर्षभराची जादा मुदत मिळाली, पण ती मुदतच. त्यामुळे माझ्या लॅपटॉपपेक्षा जेमतेम वर्षभर जुने, दिसायला तसेच, कामालाही बरेचसे तसेच असलेले लॅपटॉप कुंपणाच्या पलीकडे राहिले. माझ्या यादीत सातव्या पिढीचे जे होते ते 10 ते 12ला जात होते. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून ते अजून कितीतरी वर्षं छान चालतील, पण कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या वडिलांना हे पटवायला जाणार कोण? घसाऱ्याची रेषा वहीत कशी गुळगुळीत उतरते. बाजारात मध्येच अशी एक पायरी असते, आणि मी निव्वळ नशिबाने तिच्या वरच्या अंगाला उभी होते. सहा महिने आधी घेतला असता तर जुन्या साठ्यातला सातव्या पिढीचा गळ्यात पडणं सहज शक्य होतं.

आता माझं स्वतःचं यंत्र तपासणं भाग होतं. इतके दिवस मी बाजार तपासत होते आणि माझा नग ठणठणीत आहे हे गृहीत धरलं होतं.

बॅटरीपासून सुरुवात केली. विंडोजमध्ये काळ्या खिडकीत एक आज्ञा द्यायची असते, पॉवरसीएफजी आणि पुढे तिरकी रेघ देऊन बॅटरीरिपोर्ट. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज केल्यावरची क्षमता शेजारी शेजारी छापलेली असते. माझी मूळ क्षमता होती 45,000 मिलिवॉट-अवरच्या आसपास आणि आताची 25,000च्या थोडी वर. म्हणजे 56 टक्के. सात वर्षांच्या बॅटरीला हे काही वाईट नाही, असं म्हणून वहीत नोंद केली.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने एसएसडी पाहिली. प्रकृती 86 टक्के, एकूण चालू असलेले तास 11,000च्या घरात. हे तास गाडीच्या किलोमीटरसारखे असतात. मालक काहीही म्हणो, डिस्क सांगते. रोजचे सरासरी चार-साडेचार तास. हे माझ्या आठवणीशी जुळत होतं. रात्रभर रॅमची चाचणी लावून ठेवली, तिच्यातही काही निघालं नाही.

हे सगळं करताना लॅपटॉप काचेच्या टीपॉयवर होता आणि टाइप करताना किंचित डुगडुगत होता. तो बरेच महिने डुगडुगायचा. खालचं एखादं रबरी बूड झिजलं असेल म्हणून मी कागदाची घडी सरकवायचे आणि कामाला लागायचे. टचपॅडही हल्ली दाबायला घट्ट झाला होता. त्या रात्री पहिल्यांदा मी लॅपटॉप उलटा करून नजरेच्या पातळीत धरला. खालचं झाकण सपाट नव्हतं. मध्यभागी, अगदी हलकासा, फुगवटा होता.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने स्क्रू काढले तसं झाकण आपणहूनच टचकन वर आलं. आत बॅटरीचे तीन चपटे कप्पे शेजारी शेजारी होते. दोन सपाट, आणि मधला उशीसारखा फुगलेला. तोच वर टचपॅडला आणि खाली झाकणाला रेटत होता.

“मॅडम, हे घेऊन किती दिवस बसलात?” त्याने विचारलं.

मी काही बोलले नाही. फुगलेल्या लिथियम बॅटरीला भोक पडलं किंवा ती वाकली तर पेट घेऊ शकते, हे मला ठाऊक होतं. कागदाची घडी मात्र मी सरकवत होते. आणि हाच लॅपटॉप मी ‘बॅटरी 56 टक्के’ अशी प्रामाणिक नोंद करून दुसऱ्याच्या मुलीला देणार होते. रिपोर्ट खोटा नव्हता. त्याला फुगवटा दिसत नाही, इतकंच.

बॅटरी बदलली, जुनी ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिली. नवीला माझ्या मापात 6 लागले. ती मूळ कंपनीची नाही, दुसऱ्या कंपनीची आहे, हे त्याने न विचारता सांगितलं, याबद्दल त्याचे आभार.

आता खरा हिशोब सुरू झाला. हे 6 मी किमतीत मिळवायचे का? मनाने लगेच हो म्हटलं. 19 अधिक 6, पंचवीस. पण थोडा विचार केल्यावर जमेना. जे लॅपटॉप 19ला गेले होते त्यांची बॅटरी चालू आहे असं गृहीत धरूनच घेणाऱ्यांनी पैसे मोजले असणार. म्हणजे 19 ही चालू बॅटरीच्या लॅपटॉपची किंमत. माझा फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप मुळात 19चा नव्हताच, तो 13चा किंवा त्याहूनही कमी होता. त्या 6 युनिटांनी तो फक्त रांगेत आला. एक-दोन जाहिरातींत ‘नुकतीच नवी बॅटरी टाकली आहे’ असं लिहून तेवढे पैसे वर चढवलेले पाहिले होते. ते का खपत नाहीत, ते आता कळलं. दुरुस्तीने वस्तू होती तशी होते, त्याचं बक्षीस मिळत नाही. फार तर सात वर्षांच्या बॅटरीऐवजी नवी मिळते म्हणून एखादं युनिट कोणी देईल. मी ते सोडून दिलं. फुगवटा इतके महिने न पाहिल्याचा दंड समजून.

रॅमचं प्रकरण उलट दिशेने गेलं. टाकून घेतलेल्या 8 जीबीचे पैसे जुन्या बाजारात सहसा नीट वसूल होत नाहीत. पण 2025च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी वाढवली, बनवणाऱ्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली आणि साध्या लॅपटॉपमध्ये बसणाऱ्या रॅमची चणचण झाली. माझ्या लॅपटॉपमधली ती हिरवी पट्टी मी घेतली तेव्हापेक्षा आता महाग होती! सात वर्षांच्या यंत्रातला एक भाग वयाबरोबर वधारलेला, असं मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. ती पट्टी काढून वेगळी विकावी आणि लॅपटॉप 8 जीबीचा द्यावा, असा विचार आला होता, नाकारत नाही. मुलीच्या वडिलांना कळलंही नसतं. पण ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब उघडल्या की 8 जीबीचं काय होतं ते मीच दोन वर्षं सोसलं होतं, म्हणून तर ती पट्टी घेतली होती. यादीतले 16 जीबीवाले 8 जीबीवाल्यांपेक्षा साधारण 2ने वर जात होते. तेवढे 2 मी धरले.

एवढं झाल्यावर दोन टोकं तपासली. खालचं टोक म्हणजे कोणालाही, कधीही विकला तर मिळेल ती रक्कम. जुने लॅपटॉप विकत घेणाऱ्या एका कंपनीच्या साइटवर प्रश्नांची उत्तरं दिली. झाकणाचा पोचा नोंदवल्यावर आकडा उतरला आणि 9वर थांबला. आधी मला राग आला. 19ची वस्तू 9ला मागतात म्हणजे काय? पण ते लोक यंत्र उघडून तपासणार, साफ करणार, वर काही महिन्यांची हमी देणार, दहातले दोन परत आले तर झीज सोसणार. मी एका लॅपटॉपमागे दोन आठवडे घालवले होते. माझ्या वेळेचा भाव लावला असता तर 9 बरे होते.

वरचं टोक जास्त शिकवून गेलं. त्या मुलीने माझा लॅपटॉप घेतलाच नाही तर ती काय घेईल? नवा, सगळ्यात स्वस्त. त्या वर्गात इंटेलचा एन100सारखा प्रोसेसर, 8 जीबी रॅम आणि वर्षाची हमी मिळते. लिहिणं, वाचणं, व्हिडिओ पाहणं यांत तो माझ्या आय-फाइव्हच्या फार मागे नाही. किंमत माझ्या मापात 45. सहा वर्षं चालला तर वर्षाला साडेसात पडले. माझा जुना आणखी तीन वर्षं नीट चालेल असा माझा अंदाज. त्याच दराने तीन वर्षांचे साडेबावीस. त्यातून हमी नसल्याचे काही वजा करायचे. म्हणजे पुन्हा 20च्या आसपासच. दोन अगदी वेगळ्या वाटांनी जाऊन एकाच गावात पोचल्यासारखं झालं, आणि पहिल्यांदा मला त्या आकड्याचा विश्वास वाटला. या दुसऱ्या वाटेवर माझं बिल कुठेच लागलं नाही, हेही तेव्हाच ध्यानात आलं.

राहिला प्रश्न ओळखीचा. अनोळखी माणूस जुना लॅपटॉप घेताना मनात थोडी भीती धरूनच भाव सांगतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून हेच मांडलं होतं आणि 2001 मध्ये त्यांना इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं. गाडीत काय खोट आहे हे विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो, तो चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे उरलेल्यांचा भाव आणखी पडतो. माझ्या यादीतल्या 19 मध्ये ही भीती मुरलेली होती. माझ्या सहकाऱ्यांना ती भीती नाही, मग त्यांनी जास्त द्यावं का? पण मलाही जाहिरात, रोजचे फोन, ‘शेवटचं किती’ असं विचारून गायब होणारे लोक, हे सगळं वाचणार होतं. मग मी कमी घ्यावं का? दोन्हींचं वजन मला सारखंच वाटलं. त्याऐवजी एक ठरवलं. पडणं आणि पाणी जाणं सोडून महिन्याभरात काहीही झालं तर लॅपटॉप परत घ्यायचा आणि पूर्ण पैसे द्यायचे. खात्री असेल तरच माणूस असं बोलतो, आणि मी आता झाकण उघडून पाहिलं होतं.

तर 19, रॅमचे अधिक 2, झाकणाच्या पोच्याचा वजा 1, आणि मागितलेली किंमत थोडी तरी उतरतेच म्हणून वजा 1. फिरून 19च. दोन आठवड्यांचं टिपण आणि आकडा जिथल्या तिथे. मला हसू आलं.

रविवारी बापलेक येणार होते. आदल्या दिवशी माझ्या सगळ्या फाइली हलवल्या, खात्यांतून बाहेर पडले आणि विंडोजमधला ‘रीसेट’ वापरून सगळं पुसलं, नुसतं ‘काढून टाका’ न म्हणता ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडून. विंडोजचा परवाना यंत्राशी बांधलेला होता, त्यामुळे पुन्हा सुरू केल्यावर तो आपोआप चालू झाला. ऑफिसचं माझं सदस्यत्व मात्र माझ्या खात्यावर होतं, ते सोबत जाणार नव्हतं. हे कागदावर लिहिलं. त्याच कागदावर बॅटरी दुसऱ्या कंपनीची, एसएसडीचे तास, पोचा, महिन्याची हमी, सगळं, आणि खाली 19.

सहकाऱ्यांनी कागद हातात घेतला आणि न वाचताच घडी घातली. “अहो ताई, एवढा हिशोब कशाला? मी म्हटलं ना, तुम्ही सांगाल ते.”

“वाचा तर खरं,” मी म्हटलं.

मुलीने त्यांच्या हातातून कागद घेतला आणि अख्खा वाचला. मग लॅपटॉप उघडला. कोरी फाइल उघडून की-बोर्डचं एकेक बटण दाबलं. कॅमेऱ्यात स्वतःला पाहिलं. पडदा पूर्ण पांढरा करून कोपरे न्याहाळले, मग पूर्ण काळा करून. मला तिचं कौतुक वाटत होतं. मग तिने पिशवीतून एक पेन ड्राइव्ह काढला आणि उजव्या बाजूला लावला. टुंग असा आवाज आला. काढला, डाव्या बाजूला लावला. आवाज नाही. पुन्हा काढला, फुंकर मारली, लावला. नाही.

“काकू, हे पोर्ट चालत नाही का?”

मी डावीकडे वाकून पाहिलं, जणू पाहून कळणार होतं. सात वर्षं माझ्या माऊसची ती छोटी चकती उजवीकडच्या पोर्टमध्ये बसलेली. पेन ड्राइव्ह लागला तर तिच्या शेजारच्या दुसऱ्या पोर्टात. डावीकडे मी काहीही लावल्याचं मला आठवेना. बॅटरीचे मिलिवॉट-अवर मोजले, रॅम रात्रभर तपासली, अकरलॉफपर्यंत जाऊन आले, आणि हातातला पेन ड्राइव्ह दुसऱ्या भोकात घालून पाहिला नव्हता.

“एक कमी करा. अठरा,” मी म्हटलं.

“छे, छे,” सहकारी म्हणाले, “एवढ्याशा पोर्टासाठी काय? ठरलं ते ठरलं.”

“पप्पा, त्याच्यासाठी हब लागेल,” मुलगी म्हणाली, “आणि काकूच म्हणतायत ना.” मग माझ्याकडे वळून, “चालेल, काकू. अठरा. चार्जर हाच ना, सोबत आलेला?”

चार्जर सोबत आलेलाच होता. तिने तोही लावून पाहिला, दिवा लागला, बॅटरीची टक्केवारी एकाने वाढेपर्यंत वाट पाहिली आणि मगच वायर गुंडाळली. पैसे तिथेच मिळाले. जाताना तिने पेनने माझ्या कागदावर आणखी एक ओळ लिहून तो पिशवीत टाकला, ‘डावं यूएसबी बंद’. ते नेमकं कधी बंद पडलं, याचा मी अजूनही विचार करते. मुळात ते कधी चालू होतं का, हेही मला सांगता येणार नाही.